शेवंतीचं म्हणणं

फोटो पाठवा म्हणाल्या, दोन्ही डोळे दिसतील असा.
घोडीचे दोन डोळे एका फोटूत कसे मावणार?
एक रंकाळ्याकडं बघतो, एक भेळेच्या गाड्यांकडं.
पुतणीनं समोरनं काढला,
त्यात नाकच तेवढं मोठं आलं.

अकराशे रुपये, पाऊण तास, फोनवर.
पोराला पाठीवर बसवून एक चक्कर पन्नासची,
म्हणजे बावीस चकरांचं एक बोलणं.
पण आठ दिवस झाले,
संध्यामठाच्या वळणाला शेवंती थांबायची
ती थांबायचीच.
ओढली तरी न्हाई, गूळ दावला तरी न्हाई,
पाठीवरचं पोरगं रडायला लागायचं
आणि बाप पैसे परत मागायचा.

वडणग्याच्या केरबा चेचरनं नंबर दिला.
त्याचा पाखऱ्या शर्यतीत कायम दुसरा.
मॅडमनी त्याला विचारलं, तर म्हणे,
पुढच्याची शेपटी बघत पळायला बरं वाटतं.
केरबा हसला, मग गप्प झाला,
मग महिनाभर गाडीला जुंपलाच न्हाई त्याला.
"खोटं असंल रं," म्हणाला,
"पण ऐकल्यावर चाबूक उचलंना."

गार्गी मॅडम तिकडं पुण्यात डोळे मिटून बसल्या.
इकडं आम्ही गोठ्यात, फोन स्पीकरवर, पेंडीच्या पोत्यावर.
शेवंती वैरण चघळत होती.
कुणाशी बोलतीया असं
तोंडावर काहीच न्हवतं.

ती म्हणते, काळजावर ओझं आहे.
ती म्हणते, एक हिरवं कुरण दिसतं, बाजूला नदी.
नदी पंचगंगा असंल, मी म्हटलं.
कुरणाचं मला ठाऊक न्हाई.
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज.
ती म्हणते,
शेवंती हे माझं नाव नव्हे.

सकाळी दिलावर नालबंद आला.
पुढचा डावा पाय मांडीवर घेतला, खुर खरवडला,
आणि हरभऱ्याएवढा खडा माझ्या तळहातावर ठेवला.
"हे घे काळजावरचं ओझं."
वळणाला नवी खडी पडली होती, तिथं टोचायचं.
संध्याकाळी शेवंती वळण पार करून
अशी गेली, जशी कधी थांबलीच नव्हती.

झालं. तिथंच मिटायला पाहिजे होतं.

अकलूजच्या व्यापाऱ्याला फोन लावला.
चार वर्षांमागं घोडेबाजारात घेतलेली,
पांढऱ्या पायाची, ध्यानात हाय का?
तिचं नाव काय होतं?
"नाव?" तो म्हणाला, "आम्ही दात मोजतो, मालक.
नावं तुम्ही ठेवायची."

रात्री दिवा बारीक करून तिच्यापुढं बसलो.
राणी म्हटलं. मोती म्हटलं. चंद्रा, पाखरी, गुलछडी.
आत्त्यांची नावं संपली, मावश्यांची संपली,
शाळेतल्या एका मुलीचं नाव घेतलं,
जे बायकोसमोर तीस वर्षांत घेतलं न्हवतं.
कान हलला न्हाई.
बायको आतनं ओरडली, कुणाशी बोलताय एवढ्या रात्री?
सांगायला तोंड उघडलं, तर ठसका लागला,
तंबाखूचा जुनाच खोकला.
आणि शेवंतीचे दोन्ही कान
एकदम माझ्याकडं वळले.

परत खोकलो, मुद्दाम.
कान तिथंच. मान थोडी खाली.

चार वर्षं पहाटे मी असाच खोकत येतो,
दार नंतर उघडतं, बादली नंतर वाजते.

परत मॅडमना फोन लावला.
म्हटलं, तिचं नाव राहू द्या.
एवढंच विचारा, ती मला काय म्हणते.
मॅडम म्हणाल्या, विचारीन की,
पण त्याचं सेशन वेगळं.

बावीस चकरा.
उद्या रविवार हाय. गर्दी असंल.